चिंध्यांचे सौंदर्यशास्त्र : जीज बेंडच्या वाकळा आणि आपण

१

माझ्या आईने मला सुई धरू दिली नाही. उन्हाळ्यात शेतातली कामे उरकली की आमच्या वस्तीत वाकळांचे काम निघायचे. जुनी लुगडी, बापाची फाटकी बंडी, भावाच्या शाळेच्या चड्ड्या असे वर्षभर गाठोड्यात साठलेले सगळे ओट्यावर पसरले जाई. आई, आजी आणि शेजारच्या मावश्या चारी अंगांनी बसून टाके घालीत. मी जवळ गेले की आई म्हणायची, "तू हो तिकडं. तुझ्या हातात पेन ऱ्हाऊ दे. चिंध्या आमच्यासंगं जाऊ दे." मी तिकडे झाले. शिकले. घराण्यातली पहिली पदवीधर झाले. आज एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवते. वाकळ मात्र मला शिवता येत नाही.

वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा आईने एक वाकळ बांधून दिली होती. पहिल्याच रात्री खोलीतल्या एका मुलीने विचारले, "हे काय गं, पोतेरं?" दुसऱ्या दिवशी मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली. शिष्यवृत्तीचे पैसे हाती आल्यावर एक सोलापुरी चादर घेतली. तोवरची थंडी ओढणी पांघरून काढली. तेव्हा मला वाकळेची लाज वाटत होती. आज त्या लाजेची लाज वाटते.

हे सारे पुन्हा आठवायला कारण झाला माझ्याच वर्गातला एक प्रश्न. अमेरिकेच्या इतिहासाच्या तासाला लिंकन, यादवी युद्ध, १८६५ सालचे गुलामगिरीचे निर्मूलन असे सगळे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मोकळे झाल्यावर ते लोक गेले कुठे?" पाठ्यपुस्तक तिथे थांबते. कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असा पाठ्यपुस्तकाचा समज असतो. खरे उत्तर असे की बहुतेक लोक कुठेच गेले नाहीत. ज्या जमिनीवर ते गुलाम होते तिथेच कुळे म्हणून राहिले. अशाच एका गावाची, आणि त्या गावातल्या बायकांनी चिंध्यांतून जे उभे केले त्याची, ही हकीकत आहे. आपल्या चळवळीच्या वाचकाने ती नीट तपासून घ्यावी असे मला वाटते. कारण तिच्यातून निघणारा प्रश्न थेट आपल्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

२

अलाबामा हे अमेरिकेच्या दक्षिणेतले कापसाचे राज्य. त्याच्या विलकॉक्स परगण्यात अलाबामा नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले, जीज बेंड हे गाव आहे. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदाराने उत्तर कॅरोलिनाहून येऊन इथे कापसाची मळेशेती सुरू केली. 'जीचे वळण' हे गावाचे नाव त्याच्यावरून पडले. पुढे कर्जफेडीच्या व्यवहारात ही मालमत्ता १८४५ साली मार्क पेटवे या नातलगाच्या ताब्यात गेली. पेटवेने येताना सुमारे शंभर गुलाम उत्तर कॅरोलिनाहून अलाबामापर्यंत पायी चालवत आणले.

आजही त्या गावात पेटवे हे आडनाव घरोघर आढळते. ते आडनाव मालकाचे. आपल्याकडे नावे लादली गेली ती निराळ्या तऱ्हेने. कचऱ्या, धोंड्या, दगड्या अशी नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी मारली गेली. तिथे माणसाला मालकाच्या मालकीची खूण चिकटवली, इथे कचऱ्याची. माणसाचे माणूसपण नाकारण्याच्या या दोन रीती एकमेकींना ओळखून आहेत.

१८६५ नंतर पेटवेचे गुलाम पेटवेची कुळे झाले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. तो गौरव योग्यच होता. पण त्याच १८७३ साली जीज बेंडमधली माणसे मात्र मालकाच्याच जमिनीवर, मालकाच्याच हिशोबाने कापूस पिकवीत होती. बियाणे, खत, खाण्याचे सामान व्यापारी उधार देई. हंगामाअखेरी कापूस त्याच्याकडे जाई आणि तरीही वहीत बाकी उरे. ती वही वाचता येणारा माणूस घरात नसे. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

१९२९ च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. नदीपलीकडच्या कॅम्डेन या गावातला एक व्यापारी जीज बेंडच्या कुळांना उधारी देत असे. १९३२ साली तो मेला आणि त्याच्या विधवेने थकलेल्या कर्जाची वसुली काढली. सुमारे साठ कुटुंबांच्या घरातून वसुलीच्या माणसांनी बैल, खेचरे, गायी, नांगर, गाड्या, कणगीतला मका, रताळी, कोंबड्या, जे हाती लागले ते उचलून नेले. गाव उपाशी पडले. रेडक्रॉसने पाठवलेल्या धान्यावर त्यांनी तो हिवाळा काढला.

मग रूझवेल्ट सरकारच्या पुनर्वसन खात्याने लक्ष घातले. १९३७ साली आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकाराने तिथे जी छायाचित्रे घेतली ती आज प्रसिद्ध आहेत. ओंडक्यांची घरे, मातीचे धुराडे, वारा अडवण्यासाठी भिंतींना आतून डकवलेली वर्तमानपत्रे. एका छायाचित्रात काळी मुलगी खिडकीत उभी आहे आणि तिच्या शेजारी, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, एक गोरी बाई हसते आहे. सरकारने ती मळ्याची सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली, तिचे तुकडे पाडले आणि पुढच्या दशकात हलक्या व्याजाच्या कर्जावर ती कुळांनाच विकली. नवी घरे बांधून दिली.

या घटनेकडे नीट पाहिले पाहिजे. दक्षिणेतल्या लाखो काळ्या कुळांना जे मिळाले नाही ते जीज बेंडच्या काही कुटुंबांना मिळाले. ते म्हणजे पायाखालची जमीन. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात हे गाव ताठ उभे राहू शकले याचे मोठे कारण हेच. भूमिहीनांचे सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली का केले याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी हा अलाबामाचा इतिहासही वाचावा. मालकाच्या जमिनीवर राहणाऱ्याचे मतही मालकाचेच असते.

३

आता वाकळांकडे येऊ.

जीज बेंडच्या बायका ज्याला 'क्विल्ट' म्हणतात ती आपली वाकळच. फरक एवढाच की तिच्या पोटात कापूस असतो. तोही विकत घेतलेला नव्हे. शेतात वेचून उरलेला किंवा सरकीच्या गिरणीत सांडलेला कापूस आणून, काठीने झोडून त्याचा थर करीत. वरचा पदर जुन्या कपड्यांचा. निळ्या जाड कापडाच्या विजारी, खमीस, पिठाची आणि खताची पोती, गादीचा अभ्रा. ओंडक्यांच्या फटीतून वारा येई, म्हणून एकेका बिछान्यावर अनेक वाकळा लागत. त्या हौसेसाठी शिवलेल्या नव्हत्या, थंडीसाठी होत्या. फाटून अगदीच निकामी झाल्या की डास पळावेत म्हणून त्या जाळून धूर करीत.

गरज हे कारण झाले. पण गरजेने फक्त पांघरूण तयार होते, रचना तयार होत नाही. या बायकांनी रचना केली. एका लहानशा चौकोनापासून सुरुवात करून चारी बाजूंनी पट्टे लावीत जायचे, म्हणजे घराचे छप्पर वरून पाहावे तसे दिसते. या बांधणीला त्या 'हाऊसटॉप' म्हणतात. नुसते लांब उभे पट्टे जोडले तर 'लेझी गॅल'. आणि कोणत्याच ठरीव बांधणीत बसत नाही ती 'माय वे', म्हणजे माझी रीत. रेषा सरळ ठेवण्याचा अट्टाहास नाही. निळा तुकडा संपला तर तिथे मध्येच तांबडा येतो. तो संपला म्हणून आला हे खरे. पण तो तिथेच का आला आणि दुसरीकडे का नाही, हा निर्णय त्या बाईचा. कापणारी एकटी, जोडणारी एकटी. पोटात कापूस घालून टाके मारायला मात्र चारचौघी जमत आणि टाके मारता मारता देवाची गाणी म्हणत.

यातली एक वाकळ मी इथे मुद्दाम सांगते. मिझुरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. तेव्हा, १९४२ साली, तिने त्याचे कामावरचे सगळे कपडे उसवून एक वाकळ शिवली. तिची मुलगी आर्लोन्झिया त्या वेळी हाताशी होती. पुढे तिने सांगितले ते असे की, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली पांघरून झोपता यावे म्हणून आईने ती केली. फिकट निळे, राखी, मातकट पांढरे असे तिचे रंग आहेत. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

जीज बेंडच्या अशाच कामाच्या कपड्यांच्या वाकळांची चित्रे मी सुट्टीत आईला दाखवली. तिला अमेरिका कुठे आहे ते ठाऊक नाही. तिने चष्मा लावून एका चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाली, "ही इजार हाय. हितं गुडघ्याला ठिगळ व्हतं, ते काढलंय. म्हणून तेवढीच जागा गडद ऱ्हायली. लई वाकून काम करणारा गडी असंल." तिचे म्हणणे बरोबर होते. ठिगळाखालचे, खिशामागचे कापड उन्हाने विटत नाही आणि ती गडद जागा वाकळेत रंगाचे काम करते. त्या चित्रावर कलासमीक्षकांची पाने मी वाचली होती. त्या माणसाच्या पाठीपर्यंत मात्र माझी आई एका वाक्यात पोहोचली. श्रमाची भाषा श्रम करणाऱ्यालाच आधी कळते.

४

१९६० च्या दशकात विलकॉक्स परगण्यात काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. तरी १९६५ च्या आधी तिथे मतदार म्हणून एकाही काळ्या माणसाची नोंद नव्हती. जीज बेंडचे लोक नावनोंदणीसाठी नदी ओलांडून कॅम्डेनला जाऊ लागले तेव्हा, १९६२ साली, नदीवरची तर बंद करण्यात आली. नदीपलीकडे समोर दिसणाऱ्या गावी जायला आता चाळीसेक मैलांचा वळसा पडू लागला. घोषणा नाही, गोळीबार नाही. फक्त एक तर बंद. व्यवस्था किती शांतपणे माणसाला कोंडू शकते याचा हा नमुना आहे. ती तर पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. चव्वेचाळीस वर्षे! गावाची पाणवठ्याची वाट अडवण्याचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना यावर अधिक भाष्य नको.

१९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडच्या चर्चमध्ये येऊन बोलले. त्यानंतर लोक पुन्हा कॅम्डेनला गेले. लाठ्या, अश्रुधूर, तुरुंग हे सारे झाले. परगण्यात जे गोऱ्यांच्या जमिनीवर कुळे होते त्यांना नाव नोंदवल्याबद्दल घराबाहेर काढण्यात आले. ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला. शेजारच्याच लाउंड्स परगण्यात त्याच सुमारास काळ्यांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला आणि निवडणुकीची निशाणी म्हणून काळा चित्ता घेतला. तीच निशाणी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाव अशा वाटेने इथवर आले होते. आपल्या पोस्टरवर आलेला तो चित्ता जीज बेंडच्या शेजारच्या रानातून निघालेला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

याच काळात फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एका धर्मोपदेशकाने विलकॉक्स परगण्यात फिरताना एका घराबाहेर वाळत घातलेल्या वाकळा पाहिल्या. त्याने दहा डॉलरला एक अशा वाकळा घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलावात विकल्या. त्यातून मार्च १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. एस्टेल विदरस्पून या बाईने ती वीस वर्षांहून अधिक काळ चालवली. संस्थेने स्वतःची तेवीस एकर जमीन घेतली आणि तिच्यातले काही तुकडे, मतासाठी घर गमावलेल्या कुटुंबांना विकले. १९६९ साली शिवणकामाची इमारत बांधली आणि तिला किंग यांचे नाव दिले. वाकळ आता नुसते पांघरूण राहिली नव्हती. तिच्यातून मजुरी निघाली, जमीन निघाली आणि मालकाला 'नाही' म्हणण्याची ताकद निघाली.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांना शंभर वाकळा हव्या त्या शंभर सारख्या हव्या. मापाच्या, ठरीव नमुन्याच्या, सरळ रेषेच्या. 'माझी रीत' बाजाराला चालत नव्हती. १९७२ साली सिअर्स या कंपनीचे उशीच्या अभ्र्यांचे काम मिळाले. कापड कॉर्डुरॉय, आणि सगळ्या अभ्र्यांची शिलाई एकसारखी. दिवसभर बायका ते ठरीव काम करीत. त्यातून उरलेल्या कातरणी मात्र घरी येत आणि रात्री त्याच बायका त्या कातरणींतून मनाच्या वाकळा शिवीत. सोनेरी, गंजक्या तांबड्या, शेवाळी कॉर्डुरॉयच्या ज्या वाकळा आज संग्रहालयांत दिसतात त्या या उरलेल्या तुकड्यांच्या आहेत. दिवस बाजाराचा, रात्र स्वतःची. ज्याला आपण कलेचे स्वातंत्र्य म्हणतो ते या बायकांना एवढ्याच फटीतून मिळाले होते. ही सहकारी संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

५

१९९८ साली विल्यम आर्नेट हा कलासंग्राहक एका छायाचित्राचा माग काढत जीज बेंडला पोहोचला. छायाचित्रात लाकडांच्या ढिगावर टाकलेली एक वाकळ होती. मध्ये लाल-पिवळ्या कॉर्डुरॉयचे पट्टे, भोवती कामाच्या कपड्यांचा विटका निळा. अ‍ॅनी मे यंग यांनी ती १९७६ साली केली होती. आर्नेटने गावातून शेकडो वाकळा गोळा केल्या. २००२ साली त्यांचे प्रदर्शन आधी ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले. समीक्षक थक्क झाले. मातिस आणि क्ली यांच्याशी तुलना झाली. २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने जीज बेंडच्या वाकळांवर दहा तिकिटे काढली. २०१५ साली मेरी ली बेंडॉल्फ, ल्यूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना पारंपरिक कलांचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. तर बंद असलेल्या गावाचे नाव जगभर झाले. तर तेव्हाही बंदच होती, हे मात्र विसरू नये.

या गौरवाचे दोन्ही पदर उलटून पाहिले पाहिजेत. मातिसशी तुलना करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या तुलनेत प्रमाणपत्र कोण देते आणि कोण घेते? ज्या बाईने मातिसचे नावही ऐकले नाही तिची वाकळ मातिससारखी दिसते म्हणून थोर, असे म्हणणे म्हणजे मापाची पट्टी प्रस्थापितांच्याच हाती ठेवणे. आपल्या साहित्यालाही हा अनुभव आहे. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांची थोरवी प्रस्थापित रसव्यवस्थेत बसवून दाखवण्याची केवढी धडपड झाली! ज्याचा निकष त्याच्या जगण्यातूनच निघतो त्याला बाहेरचा निकष लावला की आकार तेवढा दिसतो आणि माणूस निसटतो.

दुसरा पदर पैशाचा. २००७ साली अ‍ॅनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि आणखी एका कारागीर बाईने न्यायालयात दावे लावले. आपल्या वाकळांच्या आणि त्यांच्या नमुन्यांच्या व्यवहारात आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००८ साली ते दावे न्यायालयाबाहेर मिटले. कोण किती चुकले याचा निवाडा मी इथे करीत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रशंसेने भारावून न जाता या बायकांनी हिशोबाची वही मागितली. १९३२ साली वही वाचता न येणाऱ्यांच्या त्या मुली-नाती होत्या. त्याआधी २००३ साली त्यांनी आपली स्वतःची संघटना काढली होती. तिचा नियम साधा होता. वाकळ विकली गेली की अर्धी रक्कम करणारीला आणि अर्धी सर्व सभासदांत वाटून. प्रत्येक वाकळेला करणारीचे नाव. सौंदर्यशास्त्राच्या शंभर पानांपेक्षा हा नियम मला मोठा वाटतो.

६

आता आपल्या उंबऱ्यावरचा प्रश्न.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी आज्ञा आहे. मेलेल्यांची वस्त्रे त्यांनी नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. म्हणजे टाकाऊ साहित्य ही आपल्यासाठी कलावंताने केलेली निवड नव्हती, कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायकांना सांगितले की अस्पृश्यपणाची ओळख पटवणारी नेसण्याची रीत सोडा, ते जुने दागिने सोडा, स्वच्छ राहा. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि एका पिढीत अंगावरचा इतिहास बदलला. माझ्या आईने मला सुई धरू दिली नाही त्यामागे महाडच होते, जरी तिला ते तसे सांगता आले नसते.

मग आज मी चिंध्यांचे गोडवे गायचे म्हणजे महाडकडे पाठ फिरवायची काय? काही कार्यकर्ते मित्र मला हेच विचारतात. त्यांची शंका रास्त आहे. गरिबीला 'कला' म्हणून सजवण्याचा उद्योग आज जोरात आहे. मागे शहरातल्या एका प्रदर्शनात मी एक वाकळ पाहिली. हुबेहूब आमच्या ओट्यावरची. किंमत काही हजार रुपये. चिठ्ठीवर 'ग्रामीण महिलांची पारंपरिक कलाकुसर' एवढेच. मी विक्रेत्या बाईला विचारले, कोणी केली? ती म्हणाली, "बचतगटाकडून येतात." ज्या वस्तूमुळे मी वसतिगृहात मान खाली घातली ती इथे दिव्याखाली टांगलेली होती आणि करणारी दोन्हीकडे निनावी होती. हिणवताना नाव नाही आणि मिरवतानाही नाव नाही. अशा गौरवाला नकार दिलाच पाहिजे.

पण महाडच्या नकाराचा अर्थ नीट समजून घेऊ. बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती. ओळख म्हणून अंगावर लादलेली वस्तू नाकारली. हातातले कसब नाकारले असे नव्हे. मेलेल्याचे वस्त्र दुसऱ्याच्या आज्ञेने नेसणे वेगळे आणि आपल्या मेलेल्या माणसाची विजार आपल्या हाताने उसवून, आपल्या रीतीने जोडून, त्याची आठवण पांघरणे वेगळे. कापड तेच असेल. पण पहिल्यात माणूस वस्तूच्या पातळीला उतरवला जातो आणि दुसऱ्यात वस्तू माणसाच्या पातळीला चढते. मिझुरी पेटवेची वाकळ म्हणजे मनूच्या त्या आज्ञेला, तिला नकळत, दिलेले उत्तर आहे असे मला वाटते.

असे उत्तर देणारे आपल्या शेजारीही आहेत. उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्याच्या बाजारात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे ते वंशज. त्यांची भाषा कोकणीच्या वळणाची. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. काठापासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावायच्या, त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी. जीज बेंडच्या बायकांनी सिद्दींना पाहिले नाही, सिद्दींनी त्यांना. तरी गुलामीच्या दोन टोकांना तुकडे जोडण्याचे हे काम चालू राहिले.

मुंबईत तर हा प्रश्न कातड्याच्या रूपाने आला. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि धारावीतल्या चर्मकार कारागिरांच्या हातचे काम गेले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. पिढ्यान्पिढ्या जे काम सक्तीने करायला लावले त्याच कामाबद्दल आता फटके! या पार्श्वभूमीवर सुधीर राजभर या कलावंताने धारावीच्या कारागिरांना घेऊन कातड्याऐवजी टाकाऊ टायरच्या रबरापासून पिशव्या आणि पुढे खुर्च्या करायला सुरुवात केली आणि त्या मालाला नाव दिले 'चमार'. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तो मालाच्या शिक्क्यावर कोरला. २०२४ च्या अखेरीस त्या खुर्च्या मायामीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडल्या गेल्या. नाव परत घेण्याची ही रीत मला मोलाची वाटते. मात्र जीज बेंडने शिकवलेला प्रश्न इथेही विचारत राहिले पाहिजे. शिक्क्यावर जातीचे नाव आले. टाका घालणाऱ्याचे नाव आणि त्याचा वाटा किती आला? गौरवाची परीक्षा या प्रश्नाने होते.

७

दलित चळवळीने शब्दाचा इतिहास लिहिला. ते अत्यावश्यक होते, कारण शब्दच आपल्याला नाकारला गेला होता. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले ते त्याचसाठी. १९४६ साली त्यांनी तिथल्या काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य नोंदवले. पण ज्यांच्या हाती शब्द आला नाही त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? माझ्या आजीने एक ओळही लिहिली नाही. तिने दुष्काळ पाहिला, स्थलांतर केले, दोन मुले पुरली, धर्मांतराच्या वेळी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. त्यातले काय उरले? एक वाकळ. तिच्यात तिच्या लग्नातले लुगडे आहे, आजोबांचे मुंडासे आहे आणि एक निळा तुकडा आहे. तो कशाचा, हे आईलाही सांगता येत नाही. कागदपत्रांना जो इतिहास माहीत नाही तो या टाक्यांत आहे, आणि तो वाचणारी पिढी आमच्या डोळ्यांदेखत संपते आहे. आम्ही शिकलेल्या मुलींनी ते वाचन शिकून घेतले नाही, ही आमची चूक आहे. व्यवस्थेची नव्हे.

म्हणून गेल्या वर्षीपासून मी वर्गात एक काम देते. प्रत्येकाने घरातली सर्वांत जुनी वाकळ काढायची. कोणी शिवली, कोणत्या साली, कोणाचे कोणते कापड, कोण कोण टाके घालायला बसले, हे विचारून वहीत लिहायचे. करणारीचे पूर्ण नाव पहिल्या ओळीत. सुरुवातीला मुले हसली. एकाने तर घरी वाकळ नाहीच असे सांगितले. महिन्याने तोच आला, आजीची वाकळ पिशवीत घालून, आणि दारातच उभा राहिला. त्याला मी पूर्ण ओळखते. ती ट्रंक माझीही होती.

या सुट्टीत मी आईला म्हटले, मला वाकळ शिकव. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता कशापायी? चादरी हायेत की." मी म्हटले, चादरी आहेत म्हणूनच. गरज होती तेव्हा तू शिवलीस. गरज नसताना मी शिवते, म्हणजे ती कोणाच्या आज्ञेने शिवली नाही हे ठरेल. तिला ते कितपत पटले माहीत नाही. पण तिने गाठोडे सोडले, एक जुने लुगडे पसरले आणि काठाकडची बाजू माझ्याकडे सरकवली.

माझे टाके वाकडे पडतात. आई ते उसवत नाही.